मालन म्हणाली, मी आलो

खडेबाजारात माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान होतं तेव्हा,
दोन कर्णे, चार डबे, एक जुना ॲम्प्लिफायर
आणि त्यात कायमची एक घूं.
मालन देसूरकर वडगावहून सायकल मारत आली,
कान लावून ऐकलं, म्हणाली,
ही घूं काढू नको हं. भाड्यात धर.

वडगावात तेव्हा दिवसरात्र माग चालायचे.
तिच्या घरात बोलायचं तर ओरडून,
नाहीतर ओठ बघून.
वडील पंचेचाळिशीत बहिरे झाले
ते आईला वर्षभर कळलं नाही.
धोट्याच्या खटक्यांवर मालन पाढे म्हणायची,
सातच्या पाढ्यात एक खटका उरायचा.
मला वाटतं, त्या उरलेल्या खटक्यावरच
तिचं पुढचं सगळं उभं राहिलं.

आधी ऑर्केस्ट्रा. गणपतीत शहापूर, अनगोळ,
चमकीची साडी, सिनेमाची गाणी, रात्रीचे साठ रुपये.
त्या साठांतून मडगावच्या एका बँडवाल्याकडचा
तीन पट्ट्या मेलेला कॅसिओ.
त्या तीन पट्ट्यांच्या जागी ती नुसती थांबायची.
लोकांना वाटायचं, विसरली.

टेपरेकॉर्डर पदराखाली धरून हिंडायची:
दुसऱ्या गेटची घंटा,
स्टँडवरच्या कंडक्टरचं खानापूर-नंदगड-हलशी,
कुंद्याच्या कढईत उलथन्याची खरवड,
दोरा तुटल्यावर मागवाल्याचा
शिवीआधीचा श्वास.

निपाणीला तंबाखूच्या वखारीसमोर कार्यक्रम.
आठ वाजता व्होल्टेज पडलं.
टेप जड झाली, कॅसिओ खाली घसरला,
मी वायरी धरून घामाघूम,
आणि मालन त्या घसरणाऱ्या सुराबरोबर
विहिरीच्या पायऱ्या उतरावं तशी उतरत गेली,
भिंतीला हात लावत.
विड्या वळणारी एक बाई म्हणाली, पोरीला बरं नाही वाटतं.
दुसरी म्हणाली, गप गं, ऐकायलोय की.

पुण्याच्या कंपनीनं बोलावलं.
काचेआडचा माणूस सभ्य होता.
सगळं छान, म्हणाला, फक्त व्याकरण.
बाई 'मी आले' म्हणते, 'मी आलो' नव्हे.
आमच्याकडं आलोच म्हणतात, मालन म्हणाली,
बाळंत होताना बाई 'मेलो गं' म्हणून ओरडते,
तेव्हा कोण दुरुस्त करायला येतंय?
तो हसला. पुन्हा घेऊ.
आलो.
पुन्हा.
आलो.
अकराव्या वेळी काचेआडचा दिवा गेला.

इकडं तर वेगळंच.
एका मंडळानं विचारलं, गाण्यात कन्नड कशाला घुसडलं?
दुसऱ्यानं विचारलं, मराठी अजून का उरलंय?
तिनं दोघांना एकच गाणं ऐकवलं, ज्यात शब्दच नव्हते.
एक ओरडला, बंद कर. दुसरा, निल्लिसु.
तिनं दोन्ही टेपवर घेतले.
बंद कर, निल्लिसु, बंद कर, निल्लिसु,
असा ठेका मला पुन्हा कुणी दिला नाही.

कॅसेट निघाली. दोनशे प्रती,
दोन डेक जोडून मीच काढल्या.
एकतीस खपल्या. उरलेल्या फुकट वाटल्या,
लोकांनी त्यांच्यावर भजनं भरून घेतली.
अजून कुणाकडं आरती संपली
आणि बटण दाबायचं राहिलं,
तर मालन ऐकू येते, अर्धा मिनिट.

मग माग भंगारात गेले, गल्ली गल्लीनं.
वडगावात पहिल्यांदा कुकरची शिट्टी शेजारी कळायला लागली.
मालन पिको-फॉल करते. मशीनचा ठेका तिला पुरतो
की पुरत नाही, मी विचारलं नाही.

मागच्या सोमवारी दुकानात आली, चष्मा कपाळावर.
आता माझ्याकडं सगळं डिजिटल, स्वच्छ.
तिनं कान लावला.
घूं कुठं गेली रे?
काढली, म्हटलं.
मग मी सुरू कुठनं करू?

मी काउंटरखाली शिरून
अर्थिंगची तार सैल केली.
ती स्टुलावर बसली, साडीला लाल धाग्याचे तुकडे तसेच.
बराच वेळ काहीच केलं नाही तिनं.
बाहेर बसवाले ओरडत होते.

भाडं लावायचं राहिलं.